"यात नर्सिंग नोट्स कुठे आहेत?": वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार आणि वकिलासोबतचं काम

माझी आत्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. दुर्बिणीतून करायचं, तिसऱ्या दिवशी घरी, असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी तिला पुन्हा थिएटरमध्ये नेलं आणि अकराव्या दिवशी ती गेली. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि माझा आतेभाऊ वकिलाच्या ऑफिसात होतो.

पहिल्या वकीलसाहेबांनी फाइल न उघडताच पन्नास लाखांचा दावा लावू म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनीही फाइल उघडली नाही; डॉक्टरांविरुद्ध काही सिद्ध होत नसतं, कशाला मनस्ताप करून घेता, म्हणाले. तिसऱ्या मॅडमनी फाइल उघडली, दहा मिनिटं शांतपणे चाळली आणि एकच विचारलं, "यात नर्सिंग नोट्स कुठे आहेत?"

आमच्या फायलीत बिलं होती, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, डेथ समरी होती आणि आतेभावाने रात्र जागून लिहिलेलं सात पानी पत्र होतं. त्या पत्रात 'कसाई' हा शब्द नऊ वेळा आला होता. नर्सिंग नोट्स म्हणजे सिस्टरांनी रुग्णाबद्दल वेळ घालून लिहिलेल्या नोंदी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी वकील नाही, डॉक्टरही नाही. पण त्या दिवसापासून आत्याची फाइल मी लावली आणि पुढे ओळखीच्या पाच-सहा घरांतही कागद लावायला बसलो. वकील कायदा जाणतो. त्या अकरा दिवसांत काय घडलं ते फक्त घरच्यांना माहीत असतं. ते वकिलाच्या उपयोगी पडेल अशा रूपात त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं, हे मी चुका करत शिकलो.

आधी स्वतःशी: ही निष्काळजी आहे का?

उपचार फसला म्हणजे निष्काळजी झाली, असं कायदा मानत नाही. दोन चांगल्या डॉक्टरांची मतं वेगळी असू शकतात आणि त्यातलं एक निवडणं हा गुन्हा नाही. साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली का, असं न्यायालय विचारतं. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो: जे नुकसान झालं ते त्या कसुरीमुळेच झालं का? बहुतेक तक्रारी या दुसऱ्या प्रश्नावर गळपटतात. उशीर झाला हे सिद्ध होतं, पण वेळेत झालं असतं तर रुग्ण वाचला असता, हे सिद्ध होत नाही.

या विषयावरचा एक जुना, पायाभूत निकाल आपल्याकडचाच आहे. १९५३च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. योग्य भूल न देता, माणसं धरून, जोर लावून हाड ओढलं गेलं आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. त्याचे वडील स्वतः दौंडला डॉक्टर होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली या खटल्यात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. आपली तक्रार या तिन्हींपैकी नेमक्या कशाबद्दल आहे, हे एका वाक्यात सांगता येतं का ते पाहा. नाही आलं तरी वकिलाकडे जरूर जा, पण ते वाक्य शोधायला जा.

संमतीचा मुद्दा वेगळा ठेवा. धोके न समजावता कोऱ्या फॉर्मवर सही घेणं, किंवा एका ऑपरेशनची संमती घेऊन जिवावरचा प्रसंग नसताना दुसरंच उरकणं, हा स्वतंत्र दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात तो स्पष्ट केला.

पहिले काही दिवस: कागद आणि शवविच्छेदन

मृत्यू झाला असेल आणि मनात खरी शंका असेल, तर अंत्यसंस्काराआधी शवविच्छेदन मागा. हे लिहिताना मला माहीत आहे की त्या क्षणी कुणाच्या तोंडून तो शब्द निघत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, "आता तिची आणखी चिरफाड नको." आम्हीही तेच म्हणालो. मृत्यूचं कारणच वादात असेल तर त्या अहवालाची जागा दुसरा कुठलाही कागद घेऊ शकत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा लागतो. पंचनामा होतो आणि मृतदेह शासकीय रुग्णालयात जातो. अर्ज दिला म्हणजे डॉक्टरवर गुन्हा नोंदवला असं होत नाही.

हॉस्पिटलमध्ये आरडाओरडा, काचा फोडणं, डॉक्टरला धक्काबुक्की यातलं काहीही करू नका. महाराष्ट्रात २०१०च्या कायद्याने तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय तुमची बाजू कितीही खरी असली तरी समोरच्या वकिलाला पहिलं पान तुम्हीच लिहून देता.

आता नोंदी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं जपून ठेवायचे असतात. रुग्णाला त्याच्या नोंदी द्यायलाच हव्यात, असं मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली सांगितलं आहे. तोंडी मागू नका. असा अर्ज पुरेसा होतो:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय: आंतररुग्ण नोंदींच्या संपूर्ण प्रती मिळण्याबाबत. माझी आई (नाव, आयपीडी क्रमांक) दि. ... ते दि. ... या काळात आपल्याकडे दाखल होती. तिच्या दाखल होण्यापासूनच्या सर्व नोंदींच्या साक्षांकित प्रती नियमानुसार ७२ तासांत द्याव्यात. यात केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, नाडी-ताप-रक्तदाबाचे तक्ते, औषधांचा तक्ता, ऑपरेशन व भुलीच्या नोंदी, संमतीपत्रं, आयसीयू चार्ट, सर्व तपासण्यांचे अहवाल व फिल्म, संदर्भपत्रं आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र यांचा समावेश असावा. प्रतींचा खर्च भरण्यास तयार आहे. संबंधित वॉर्डचं सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करून ठेवावं, ही विनंती."

दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. सीसीटीव्हीची ओळ विसरू नका. चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं आणि "मागितलंच नव्हतं" असं उत्तर तयार असतं. अर्जात 'निष्काळजी', 'कोर्ट', 'बघून घेऊ' यातला एकही शब्द नको. विम्यासाठी लोक रोज असे अर्ज करतात. तुमचाही तसाच दिसू दे.

विम्यावरून आठवलं. कॅशलेस असेल तर हॉस्पिटलने मंजुरीसाठी बरेच कागद विमा कंपनीकडे आधीच पाठवलेले असतात. तो संच कंपनीकडून मागून घ्या. एका घरी हॉस्पिटलच्या प्रतीत रक्तदाबाची जी नोंद होती ती विम्याच्या प्रतीत नव्हतीच. त्या एका पानाने वकिलांचा सगळा रोख बदलला.

मूळ कागद तुमच्याकडे असतील तर ते वकिलालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ कागद सुनावणीत दाखवायला लागतील तेव्हा न्या.

घटनाक्रमाची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. वकिलाला तुमचं दुःख कळतं, पण तक्रारीत घालायला त्याला तास आणि मिनिटं लागतात.

आतेभावाच्या पत्रात वाक्य होतं: "डॉक्टर दोन दिवस फिरकलेच नाहीत." नर्सिंग नोट्स मिळाल्यावर तेच वाक्य असं झालं:

"रविवार, रात्री ११.४०: पोट फुगलेलं, नाडी १२८. सिस्टरने आरएमओंना (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन केला (नर्सिंग नोट्स, पान १४). सोमवार, सकाळी ७.१०: मुलाने काउंटरवर विचारलं, 'सर राउंडला येतील' (त्याच वेळी बायकोला पाठवलेला मेसेज). सोमवार, दुपारी १.०५: सर्जनची पहिली नोंद (पान १६)."

दोन दिवस नव्हते ते. साडेतेरा तास होते. "दोन दिवस" खोडून काढायला समोरच्या वकिलाला दोन मिनिटं लागली असती. साडेतेरा तास त्यांच्याच कागदावर लिहिलेले होते.

वहीत चार रकाने करा: कधी, काय झालं, कुणी सांगितलं किंवा पाहिलं, पुरावा कुठे. चौथा रकाना रिकामा राहिला तरी ओळ लिहा. फोनमधले कॉल, मेसेज, गुगल पेच्या नोंदी, मेडिकलच्या बिलावरची वेळ, कॅन्टीनची पावतीसुद्धा वेळ पक्की करते. रुग्णाजवळ ज्या ज्या पाळ्या कुणी केल्या त्या प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घ्या. एकत्र बसवलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवायला लागते, आणि ती बहुधा सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणाऱ्याची असते.

स्वतःला गैरसोयीचं आहे तेही लिहा. आत्याला मधुमेह होता आणि गोळ्या ती मनाने बंद करायची. आतेभाऊ म्हणाला, "हे कशाला सांगायचं?" समोरच्यांच्या केसपेपरवर ते पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. वकिलाला ते तुमच्याकडून आधी कळलेलं बरं.

मुदत: दोन वर्षं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार दाखल करायला कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात सबळ कारण दाखवावं लागतं. "दुःखात होतो" हे खरं असलं तरी दर वेळी पुरत नाही.

इजा उशिरा कळली तर? या मुद्द्यावर गोव्यातल्या एका परिचारिकेचा खटला वाचण्यासारखा आहे. १९९३ साली पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोट वर्षानुवर्षं दुखत राहिलं आणि २००२ साली दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आत गॉज (जखमेत वापरायचं जाळीदार कापड) सापडला. २००४ साली तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती मुदतबाह्य ठरवली. स्वतः परिचारिका असून इतकी वर्षं दुखत असताना तिने त्या डॉक्टरांशी संपर्क साधायला हवा होता, असं कारण दिलं. मला हा निकाल कठोर वाटतो. पण म्हणूनच सांगतो: दुखणं चालू असेल तर दाखवत राहा आणि दाखवल्याचे कागद ठेवा. वकिलाकडे पहिल्या सहा महिन्यांत गेलात तर तज्ज्ञाचं मत घ्यायला अवधी मिळतो. तेविसाव्या महिन्यात गेलात तर घाईत लिहिलेली तक्रार मिळते.

कुठे जायचं

ग्राहक आयोग हा बहुतेकांचा मार्ग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवलं. विम्याने बिल भरलं असेल तरी चालतं. हॉस्पिटल इतरांकडून पैसे घेत असेल आणि तुमच्यावर मोफत उपचार झाले असतील तरीही तुम्ही ग्राहक ठरता. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय मात्र यात येत नाही. केसपेपरचे दहा रुपये भरल्याने चित्र बदलत नाही. तिथे दिवाणी न्यायालय. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं ते १९९६ साली. सरकार जबाबदार ठरू शकतं, आणि किती वर्षं लागू शकतात, दोन्ही त्यातच आलं.

डॉक्टरच्या परवान्यावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही. समोरच्या डॉक्टरची पदवी आणि नोंदणी तपासणं हे तुमचं काम आहे. ते आधीच करा.

पोलीस ठाणं सगळ्यात शेवटी. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, ठळक आणि गंभीर निष्काळजी लागते आणि त्याआधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दबाव म्हणून गुन्हा नोंदवा, असं सुचवणारे वकील भेटतील. तज्ज्ञांच्या समितीने "निष्काळजी दिसत नाही" असं लिहिलं, की तेच पान तुमच्या आयोगातल्या तक्रारीत समोरून दाखल होतं.

वकील कसा निवडायचा

ग्राहक आयोगात वकील नेमणं सक्तीचं नाही. बिलाच्या किंवा फ्रिजच्या तक्रारीत स्वतः उभे राहा, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून मार्गदर्शन घ्या. वैद्यकीय प्रकरणात मात्र वकील करा, असं माझं मत आहे, आणि शक्यतो जिल्हा आयोगात रोज जाणारा. सिव्हिल-क्रिमिनलचं मोठं नाव असलेले साहेब ज्युनियरला पाठवतात. आयोगात जाऊन एक सकाळ मागच्या बाकावर बसा. कोण फाइल वाचून आलेलं असतं ते तासाभरात कळतं.

पहिल्या भेटीला बारा पानांपेक्षा जास्त देऊ नका: एक पान गोषवारा, घटनाक्रम, डिस्चार्ज कार्ड किंवा डेथ समरी. आणि हे विचारा: वैद्यकीय प्रकरणं किती चालवलीत, डॉक्टरांच्या बाजूने की रुग्णांच्या? या हॉस्पिटलचं किंवा त्याच्या विमा कंपनीचं काम तुम्ही करता का? तज्ज्ञाचं मत कुणाकडून आणायचं? आमची कमकुवत बाजू कोणती? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने तुमचे कागद वाचलेले नाहीत. "शंभर टक्के जिंकू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

फी मोकळेपणाने बोला. आपल्याकडे इथेच सगळे लाजतात. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, तेव्हा "मिळालं की वीस टक्के द्या" असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. मसुद्याची फी, प्रत्येक तारखेची फी, टायपिंग-झेरॉक्स, तज्ज्ञाची फी, अपील झालं तर पुढची फी हे सगळं वेगवेगळं विचारा, कागदावर घ्या, पावती मागा. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) सही करताना तो वाचा. तडजोड करण्याचा अधिकार त्यात बहुधा छापलेलाच असतो. "मला विचारल्याशिवाय तडजोड नको" हे ईमेलवर लिहून ठेवा. जाता जाता: डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात, पण वकिलाची सेवा येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं. वकिलाविरुद्धची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. आतेभाऊ हे ऐकून आत्या गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या डॉक्टरचं मत

प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१० सालच्या किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. उजव्याऐवजी डाव्या पायाचं ऑपरेशन झालं असेल तर ते सांगायला प्राध्यापक लागत नाही. पण निदान, औषधाचा डोस, ऑपरेशनचं तंत्र असा प्रश्न असेल तर मत नसलेली तक्रार लंगडी असते.

गावातला डॉक्टर लिहून देणार नाही. उद्या त्यालाही त्याच मंडळींसोबत काम करायचं असतं. दुसऱ्या शहरातले, शक्यतो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले, त्याच शाखेचे तज्ज्ञ शोधा. हाडांच्या डॉक्टरने भुलीबद्दल दिलेल्या मताला वजन नसतं. त्यांना संपूर्ण फाइल द्या, निवडक पानं नकोत, आणि सोबत तुमची कहाणी नको, प्रश्न द्या. मॅडमनी आमच्यासाठी चार प्रश्न काढले होते: ही गुंतागुंत अपेक्षित प्रकारातली आहे का? ती कोणत्या वेळी ओळखू यायला हवी होती? ओळखल्यावर काय करायला हवं होतं? ते वेळेत झालं असतं तर फरक पडला असता का?

निवृत्त सर्जनसाहेबांनी तीन आठवडे घेतले. त्यांनी लिहिलं की पित्तनलिकेतून गळती होणं हा या शस्त्रक्रियेतला माहीत असलेला धोका आहे. ऑपरेशनच्या नोंदीत त्यांना चूक दिसत नाही. पण ऑपरेशननंतर नाडी १२८, पोट फुगलेलं, आणि साडेतेरा तास वरिष्ठ डॉक्टरने तपासलेलं नाही, सोनोग्राफी नाही, हे स्वीकारार्ह नाही.

म्हणजे आतेभाऊ ज्यांना नऊ वेळा कसाई म्हणाला होता, त्यांचा हात चुकलेला नव्हता. चुकली होती ती रविवारची रात्र. त्याला हे पचायला दोन आठवडे लागले. "मत बदलून आणा," असंही तो मॅडमना म्हणाला. त्या म्हणाल्या, "मत बदललं तर ते उलटतपासणीत पडेल. साडेतेरा तास पडणार नाहीत." ऑपरेशन चुकल्याचा आरोप आम्ही मसुद्यातून काढला.

नोटीस आणि तक्रार

आधी वकिलाची नोटीस जाते. ती कायद्याने सक्तीची नाही, पण उत्तरातून समोरची बाजू कळते. नोटिशीचा मसुदा स्वतः वाचा. तारखा तुम्हीच तपासू शकता, वकील नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात आत्याचं वय चुकलं होतं.

कुठल्या आयोगात जायचं, ते मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. भरलेल्या बिलावर ठरतं. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. त्यामुळे जवळपास सगळ्या तक्रारी जिल्हा आयोगातच येतात. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला दाखल शुल्क नाही. उपचार मुंबईत झाले आणि तुम्ही नाशिकला राहता, तर तक्रार नाशिकला करता येते. दाखल करणं ई-जागृती पोर्टलवरून होतं. रुग्ण दगावला असेल तर वारस तक्रार करतात. सगळ्या वारसांची नावं घाला, परदेशात असलेल्याचं मुखत्यारपत्र घ्या.

भरपाईचा आकडा हवेतून आणू नका. लोक कुणाल साहा प्रकरणाचं उदाहरण देतात. १९९८ साली पत्नी गेली आणि २०१३ साली सुमारे सहा कोटींची भरपाई मिळाली. पण साहा स्वतः डॉक्टर, खटला पंधरा वर्षं, आणि पत्नीच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेतला. तुमचा हिशेब उपचाराचा खर्च, पुढच्या उपचारांचा अंदाज, बुडालेलं उत्पन्न, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा पगार अशा खात्यांत मांडा आणि प्रत्येकापुढे कागद लावा. आत्या घरच्या घरी शिवणकाम करायची, हिशेब ठेवायची नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या गुगल पेच्या नोंदी काढल्या तेव्हा ती किती कमवत होती ते आम्हालाही पहिल्यांदा कळलं.

तारखा

कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात वर्षं धरा. समोरच्यांना लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५. त्यापुढे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्कं केलं. आयोगाची नोटीस त्यांना कधी बजावली गेली ती तारीख वहीत लिहा आणि पंचेचाळीस दिवस स्वतः मोजा.

कैफियत आली की वकिलाआधी तुम्ही वाचा. प्रत्येक परिच्छेदापुढे लिहा: खरं, खोटं, अर्धवट, आणि का. आमच्या बाबतीत "नातेवाईक सोनोग्राफीला तयार नव्हते" असं एक नवीन वाक्य उगवलं होतं. तसा नकार दिल्याची सही केसपेपरमध्ये कुठेच नव्हती. पुराव्याच्या शपथपत्रात मॅडमनी ते दोन ओळींत मांडलं.

वकिलाला रोज फोन करू नका. तारखेच्या आठ दिवस आधी एक मेसेज, तारखेनंतर रोजनामा (त्या दिवशी आयोगात काय झालं त्याची नोंद) पाहून एक मेसेज. घरातून एकानेच बोलायचं. आणि फेसबुकवर काहीही नको, हॉस्पिटलच्या गुगल रिव्ह्यूमध्येही नको. बदनामीचा दावा हा त्यांच्या वकिलाचा सोपा रस्ता असतो.

मध्येच कुणीतरी "मिटवून टाका" म्हणून येईल. मृत्यू किंवा गंभीर इजेची वैद्यकीय प्रकरणं आयोगाच्या मध्यस्थीकडे पाठवली जात नाहीत, पण आपसात तडजोड होऊ शकते. बिल माफ करून त्या बदल्यात "काही तक्रार नाही" अशी सही हॉस्पिटल डिस्चार्जच्या वेळीच मागतं, तिथे थांबा. वकिलाने वाचल्याशिवाय सही नको. तडजोड करणं कमीपणाचं नाही. घाईत केलेली महाग पडते.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. बाजूने गेला तर समोरच्यांना अपील करायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हे लक्षात असू द्या.

आमची तक्रार जिल्हा आयोगात युक्तिवादाला लागली आहे. मागच्या तारखेला समोरच्या वकिलांनी वेळ मागितला. आतेभाऊ बाहेरच्या बाकावर पान १४ उघडून बसला होता.

"रविवारी रात्री मीच होतो तिथे," तो म्हणाला. "सिस्टरने फोन केलेला मी पाहिला होता. पण पत्रात लिहायचं सुचलं नाही."

त्या सिस्टरला साक्षीला बोलवायचं का, ते पुढच्या तारखेआधी मॅडमना विचारायचं आहे.